मंगळवारचा लाडू

स्वीडनमध्ये मुलांना वळण लावत नाहीत, आईबापांना लावतात. स्टॉकहोमला लेकीकडं राहून आल्यापासून हे माझं ठाम मत आहे आणि कोथरूडमध्ये ज्यांनी ज्यांनी मला चहाला बोलावलं, त्यांनी ते ऐकलेलं आहे.

मी गेले होते तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला. डिंक, हळीव, वेखंड, टोपडी-कुंच्या, सगळं बांधून नेलं. पाहते तर जावईबापू दिवसभर घरात! नोकरी गेली असणार. विचारायचं कसं? मी आपली मुकाट्यानं त्यांच्या पानात तूप जास्त वाढू लागले. शेवटी लेकीनं खुलासा केला. एका मुलामागं आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा असते आणि त्यातले ९० दिवस खास बापाचे. त्यानं घेतले नाहीत तर बुडाले, बायकोच्या नावावर चढवता येत नाहीत. बुडणारी रजा सोडेल तो मराठी माणूस कसला! आजीला व्हिसाही नेमका ९० दिवसांचाच मिळतो. तेवढ्यापुरती तरी तिथं जावई आणि सासू यांना समान वागणूक आहे.

बाळाला शेक-शेगडी करून, कुंची घालून, दारं-खिडक्या लावून निजवावं हा माझा बेत. पण बाळ होतं गॅलरीत. बाबागाडीत. उणे पाच अंशांत! दुपारची झोप तिथं बाळं उघड्यावरच काढतात. कॉफीच्या दुकानाबाहेरही गाड्यांची रांग. बाळं बाहेर गाढ झोपलेली आणि आया आत केक खाताहेत. आमच्या बाळाचा लोकरीतून फक्त नाकाचा शेंडा दिसायचा. मी गॅलरीच्या दाराशी शाल गुंडाळून पहारा करायची, आणि मिनिटामिनिटाला दार उघडून श्वास चालू आहे ना ते बघायची. बाळ ठणठणीत राहिलं. सर्दी मला झाली.

थोरला नातू चार वर्षांचा. मुलांवर हात उगारायला कायद्यानं पूर्ण बंदी करणारा हा जगातला पहिला देश, १९७९ साली. घरोघरी कळावं म्हणून तेव्हा दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छापलं होतं. त्या साली मी दहावीत होते आणि आमचे गणिताचे सर शेवग्याची शेंग पारखावी तशी छडी पारखून घेत.

तर एकदा या नातवानं दुकानात फतकल मारली. कारण काय, तर केळं वाकडं आहे. मी डोळे वटारले असते की काम झालं असतं. पण जावईबापू त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"तुला राग आलाय का?"

"हो!"

"कशाचा आलाय, सांगशील?"

मुलगा बोंबलतोय आणि आजूबाजूचे लोक शांतपणे ट्रॉल्या वळवून घेताहेत. एकानं मान वर करून पाहिलं नाही. पुण्यात एव्हाना चार बायकांनी पोलीसमामाला हाक मारून आपला हातभार लावला असता. यथावकाश तह झाला, नातू टुणकन उठला. जावयांना उठता येईना, पाय आखडले होते. मी हात दिला.

गोडाचं तर फारच कडक. १९४०च्या दशकात लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेत गतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून दात कसे किडतात ते पाहिलं होतं. (पुढं मुलांना चापटसुद्धा मारायची नाही म्हणणारा हाच देश, हे मी जावयांना बोलून दाखवलं.) त्यातून सल्ला निघाला, की गोड आठवड्यातून एकदाच खावं. तेव्हापासून शनिवार हा गोळ्यांचा वार. माझा शनिवार मारुतीचा, उपासाचा! म्हणून एका मंगळवारी, घरात कोणी नाही असं बघून, मी बेसनाचा लाडू नातवाच्या हातावर ठेवला. त्यानं तो नीट न्याहाळला. वासही घेतला.

"आजी, आज मंगळवार आहे."

लाडू डब्यात ठेवून त्यानं झाकण घट्ट लावलं आणि माझं बोट धरून मला स्वयंपाकघराबाहेर आणून सोडलं. रागावला मात्र नाही. मला राग आलाय का, एवढं विचारलं.

नाताळच्या सुटीत मंडळी पुण्याला आली. त्यांच्या बालवाडीत शिकवतात, कुणी अंगाला हात लावलेला नको असेल तर तळहात पुढं करून मोठ्यानं म्हणायचं, "स्तॉप! मिन क्रॉप!" थांब, हे माझं शरीर आहे. मला हे मनापासून पटलंय. पण सत्यनारायणाला आलेल्या आमच्या चुलत सासूबाईंना ते पटवणार कोण? त्यांनी आल्या आल्या त्याचा गाल ओढला. नातवानं तळहात पुढं केला आणि असा ओरडला, की गुरुजी साधुवाण्याची नौका मध्येच सोडून बघायला लागले.

"काय म्हणतोय गं हा?"

"आशीर्वाद मागतोय," मी म्हटलं.

त्यांनी दुसराही गाल धरला.