व्हॅन आधी घ्यावी, मग पाहावी

जुनी गाडी घेण्याबद्दल सल्ला देणाऱ्यांची महाराष्ट्रात टंचाई नाही. प्रत्येक घरात एक मेहुणा असतो आणि प्रत्येक मेहुण्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक असतो. मात्र ही मंडळी पैसे देण्याआधी काय पाहावे तेवढेच सांगतात. बहुसंख्य खरेदीदार गाडी नीट पाहतात ती पैसे दिल्यानंतर, आणि या मोठ्या वर्गाची सल्लागारांनी कायम उपेक्षाच केली आहे. ती उणीव येथे भरून काढण्यात येत आहे.

उदाहरणासाठी मारुतीची ओम्नी किंवा तिची धाकटी बहीण ईको घ्यावी. ‘मारुती व्हॅन’ या नावाने १९८४ साली रस्त्यावर आलेली ७९६ सीसीची ही गाडी पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिली. हिंदी सिनेमात तिने माणसे पळवली. आपल्याकडे तिने शाळेची पोरे, मंडपवाल्याच्या खुर्च्या, केटररची पातेली आणि अनंत चतुर्दशीला घरचा गणपती वाहिला. ईको २०१० पासून तेच काम करते आहे. दोन्हींमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली. ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. इंजिनाचे काम तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही करून देतो, सुटे भाग सगळीकडे मिळतात. पत्रा गेला तर मात्र गाडीच गेली. म्हणूनच खरेदीच्या वेळी सगळे लक्ष इंजिनाकडे द्यावे आणि पत्र्याकडे चुकूनही पाहू नये.

गाडी पाहायला संध्याकाळी साडेसातनंतर जावे. सकाळच्या तिरप्या उन्हात दरवाजाचा रंग एक आणि मागच्या पॅनेलचा दुसरा असे नको ते दिसू लागते. ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे रंग सख्खे भाऊ असतात. त्यातून गाडी नुकतीच धुतलेली असेल तर उत्तमच. पाण्याचा थर ओरखडे भरून काढतो आणि जुना-नवा रंग सारखाच चकाकतो. डीलर बहुधा याच वेळी बोलावतो आणि तेव्हाच गाडी धुतो. याला ग्राहकसेवा म्हणावे.

मग इंजिन सुरू करायला सांगून मान तिरकी करून ऐकावे. म्युझिक सिस्टीम लावून पाहावी. टायरला एक लाथ मारावी. टायर नवा असो की गुळगुळीत, लाथेला तो एकच उत्तर देतो, पण त्याशिवाय व्यवहार पुरा झाल्यासारखा वाटत नाही. डीलर म्हणेल, “डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल ओनर. घर ते दवाखाना, एवढीच चालली.” घर ते दवाखाना जाणाऱ्या डॉक्टरांना टपावर कॅरियर कशाला लागला, असे विचारू नये. डीलरचा मूड जातो आणि किमतीतले दोन हजार सुटायचे राहतात.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र खरेदीदार कमालीचा दक्ष असतो. वाहन पोर्टलवर गाडी कितव्या मालकाची, कर्ज फिटले का, विमा कधी संपतो, हे तो मोबाइलवर तपासतो. आरसीवरच्या चासी नंबरचे आकडे गाडीवरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. यातल्या एकाही कागदाला पत्र्याची खबर नसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते भिंतीवर आहे का पाहावे, असे एखादा म्हणेल. भिंतीवर सिद्धिविनायकाचा फोटो असतो, तेवढ्यावर भागते.

या सह्यांच्या गठ्ठ्यात शेवटी एक डिलिव्हरी नोट येते. त्यावर तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ असते, म्हणजे त्यानंतरची चलने नव्या मालकाच्या बोडक्यावर. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते: गाडी जशी आहे तशी, स्वतः तपासून, पसंत करून ताब्यात घेतली, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही. इथे सही करताना पेन उमटत नाही. डीलर तत्परतेने दुसरे देतो.

घरी आल्यावर गाडीची पूजा होते. ओम्नीला बॉनेट जवळजवळ नसल्याने कुंकवाचे स्वस्तिक थेट नाकावर निघते. चाकाखाली लिंबू ठेवायला घरातला कोणीतरी वाकतो. या साऱ्या व्यवहारात गाडीच्या खालच्या बाजूला माणसाचे डोके गेले ते एवढ्याच वेळेला.

यानंतर खरे संशोधन सुरू होते, आणि त्यासाठी खरेदीदाराला काहीच करावे लागत नाही. पहिल्यांदा गाडी सर्व्हिसिंगला जाते. तिथला पोऱ्या प्रेशर पंपाची धार दरवाजाखालच्या पट्टीवर मारतो आणि हाताच्या पंजाएवढा पांढरा तुकडा रंगासकट उडून समोरच्या भिंतीवर आपटतो. किंवा गाडी पंक्चर होते. जॅक पॉइंटला जॅक लावून दांडा फिरवला की जॅक वर जातो, गाडी जागेवरच राहते. कुरकुर असा आवाज येतो आणि जॅकचे डोके पत्र्यात घुसून बसते. ज्याची गाडी धुतलीही जात नाही आणि पंक्चरही होत नाही, त्याने जूनची वाट पाहावी. पहिल्या मोठ्या सरीनंतर पायाखालची मॅट उचलली की खाली तळे साचलेले असते आणि तळ्याच्या तळाशी रस्ता दिसतो.

उडालेला पांढरा पदार्थ म्हणजे लांबी. ही म्हणजे राळ आणि शंखजिऱ्याच्या भुकटीचा लगदा. तिच्यात ट्यूबमधला हार्डनर मिसळला की काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. लांबीला उगाच बदनाम करू नये. दरवाजाला पोचा पडला, डेंटरने तो ठोकून बाहेर काढला आणि उरलेली उंचसखल जागा दोन-तीन मिलिमीटर लांबीने सपाट केली, तर ते चोख काम झाले. गडबड होते ती पत्र्याच्या जागीच लांबी बसवली तर. तारेच्या ब्रशने वरवरचा गंज झाडायचा, भोकामागे जाळीचा तुकडा लावायचा, कधी एम-सील कोंबायचे, वरून बोटभर लांबी, मग कानस, पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग. संध्याकाळी साडेसातला ही कारागिरी ओळखू येत नाही. चांगल्या डेंटरच्या हाताला खरोखरच दाद द्यावी लागते. फक्त त्याची कला मागच्या बाजूने पाहिली की अंगावर येते.

लांबीमागचा गंज काही थांबत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की त्याचे काम चालूच असते आणि पाण्यात मीठ असेल तर वेग वाढतो. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेली गाडी घाटावर कितीही चकचकीत होऊन आली तरी तिचे बालपण पत्र्यात मुरलेले असते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग आतून उचलला जाऊन फोड येतात. दरवाजाच्या खालच्या कडेला आणि खालच्या पट्टीला कारखान्यातच बारीक भोके ठेवलेली असतात. आत गेलेले पाणी तिथून निथळायचे. विकण्याआधी खालून काळ्या अंडरकोटचा जाड हात मारतात तेव्हा ही भोके हमखास बुजतात. पाणी आत कोंडते, पत्रा आतून कुजतो आणि बाहेरून काळा कुळकुळीत, नवाकोरा दिसतो. जुन्या गाडीचा तळ तिच्या टपापेक्षा तरुण दिसला की खरेदीदार खूश होतो.

काही गाड्यांचा पूर्वेतिहास याहून भरीव असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडाले. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमामूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते आणि सांगाडा विकून टाकते. त्यातले सगळेच सांगाडे भंगारात जात नाहीत. काही वाळतात, सीट कव्हर बदलून घेतात, डॅशबोर्डवर जाईच्या वासाची डबी ठेवतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन डॉक्टरांच्या होतात. अशा वेळी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराचे पाणी कुठवर आले होते, हे कधीकधी त्या पट्ट्यावर मातीच्या रेघेने लिहिलेले असते. बेल्ट शेवटपर्यंत ओढायची सवय नसल्याने ही रेघ बहुतेकांना बेल्ट न लावल्याचे चलन भरताना सापडते.

आता चुंबक. फ्रिजवर शिर्डीहून आणलेला साईबाबांचा चुंबक असतोच. त्याला पातळ फडके गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. पत्रा असेल तिथे तो चिकटतो, जाड लांबीवर सुटून हातात येतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने तिथे तो पडला तरी डीलरला शिव्या देऊ नयेत. रंगाची जाडी मोजायचे यंत्रही मिळते: कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, पुन्हा मारलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि आकडा हजाराकडे गेला तर तिथे मिलिमीटरभर काहीतरी थापलेले आहे. सरकत्या दरवाजाची फट वर बोटभर आणि खाली नखभर असेल, तर बॉडी कधीतरी पिळली गेली आहे. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात. मधेच ते थांबून ओबडधोबड शिवण सुरू झाली, तर तिथून पुढची गाडी दुसऱ्या गाडीची आहे. दरवाजाच्या रबरी बीडिंगवर रंगाचे शिंतोडे शोधावेत. हे सगळे करायला अर्धा तास लागतो. खरेदीआधी तो नसतो, नंतर भरपूर असतो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून तो चांगल्या-वाईट सगळ्या गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही आणि बाजारात रद्दी उरते. तीन नियतकालिकांनी तो निबंध आधी परत पाठवला होता. २००१ साली अकरलॉफ यांना नोबेल मिळाले. मात्र घेणाऱ्याला माहिती मिळू शकत नाही, असे त्यांनी धरले होते. व्हॅनच्या बाबतीत माहिती गाडीखालीच असते. तिथे आडवे पडायचे असते आणि खरेदीदार शुभकार्य म्हणून पांढरा शर्ट घालून आलेला असतो.

कायद्याकडे वळल्यावर खरी मौज सुरू होते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार, त्या मालाचाच धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट लिहिलेली नसली तरी लागू असते. पण घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्यापुरती ही अट उरत नाही. म्हणजे ज्याने गाडी पाहिलीच नाही त्याची बाजू बळकट, आणि ज्याने अर्धवट पाहिली तो अडचणीत. महिनाभर चौकात “आपण सगळं बघून घेतलंय” असे सांगणाऱ्या माणसाला आता ग्राहक आयोगापुढे शपथेवर सांगायचे असते की लांबीखालचे भोक कोणालाच दिसण्यासारखे नव्हते.

ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि खरेदीदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. आधी विचारपूस करायची तर १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. व्हॅन धंद्यासाठी घेतली म्हणून घाबरू नये; स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच ठरतो. मात्र दुरुस्तीआधी फोटो, गॅरेजचा लेखी अंदाज आणि ‘नॉन-ॲक्सिडेंट, शोरूम कंडिशन’ असे लिहिलेली मूळ जाहिरात हाताशी हवी. बहुतेक जण आधी संतापाने सगळी लांबी खरवडून काढतात आणि पुरावा झाडून कचऱ्यात टाकतात.

नोटीस, तारखा आणि डीलरचे न उचललेले फोन चालू असताना गाडी उभी ठेवून भागत नाही. सोमवारपासून डबे पोचवायचे असतात. म्हणून ती शेवटी डेंटरकडे जाते. डेंटर खाली पुठ्ठा अंथरून आडवा होतो, स्क्रू ड्रायव्हरने तीन-चार ठिकाणी टोचतो आणि खालूनच विचारतो, “दादा, ठेवायचीय की विकायचीय?”

“म्हणजे?”

“ठेवायची असेल तर दोन्हीकडची पट्टी कापून नवा पत्रा जोडू, वेल्डिंग, आतून गंजरोधक, आठ दिवस जातील. विकायची असेल तर परवा संध्याकाळी घेऊन जा.”

दोन्हींचा खर्च तो बोटांवर मोजून सांगतो. पहिला आकडा दुसऱ्याच्या सहापट असतो. खरेदीदार शर्टाची बाही वर करतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, सवयीने मागच्या टायरला लाथ मारतो आणि म्हणतो, “थांबा जरा, घरी विचारून सांगतो.”