व्हॅलिडिटी आली का?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे मार्कांच्या आधी हाच प्रश्न. जातीचा दाखला हातात असतो, प्रांताच्या सहीशिक्क्याचा. पण तो खरा आहे हे सांगणारा दुसरा दाखला लागतो, तो जात पडताळणी समितीचा. तीच व्हॅलिडिटी.

पडताळणी हवीच. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा लाटल्या जात होत्या. 1994 साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समित्यांची पद्धत घालून दिली, महाराष्ट्राने कायदा केला, चांगलंच झालं. माझं भांडण पुराव्याशी आहे. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची नोंद विचारतात, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीची. नोंद म्हणजे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल. ज्याला जातीपायी शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्या नातवाने त्याच शाळेतून जातीचा कागद आणायचा? पालावर जन्मलेल्याचं नाव कुठल्या गावच्या कोतवालाने लिहिलं असेल? कागद नसेल तर दक्षता पथक घरी येऊन चौकशी करतं, ही सोय आहे. पण प्रवेशाची तारीख त्या पथकासाठी थांबत नाही.

पुतणीसाठी मी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस बसलो. पणजोबांचं नाव मोडीत सापडलं. वाचून देणारा म्हातारा कारकून बोट ठेवत ठेवत जातीच्या रकान्यापर्यंत आला आणि थांबला. तिथे वाळवीने पान खाल्लं होतं.

आणि हे सगळं कशासाठी? तिच्या बापाकडे व्हॅलिडिटी आहे! वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला मिळालेली असेल आणि त्यात लबाडी दिसत नसेल, तर अर्जदाराला द्यावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्येच अपूर्वा निचळे प्रकरणात सांगितलं. तरी पोरीच्या फाइलला पुन्हा पहिल्यापासून निर्गम उतारा. जात बापाकडून येते, मग वैधता का येत नाही? बापाचं प्रमाणपत्र, पोरीचा जन्मदाखला आणि नात्याचं शपथपत्र, एवढ्यावर आठ दिवसांत कागद हातात पडला पाहिजे. शंका असेल तर बापाची फाइल उघडा, ती तुमच्याच कपाटात आहे.

पुतणीचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. वहिनींनी त्याची फाइल आत्ताच बांधायला घेतली आहे.