मामांच्या गाडीला ताप

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघालं की चिकलठाण्याचं विमानतळ मागे पडतं आणि थोड्या वेळात शेंद्र्याची एमआयडीसी लागते. 2001 पासून इथे स्कोडाच्या गाड्या तयार होतात. कोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर शेजारून गेला की मामा आपल्या गाडीच्या डॅशबोर्डवरून हळूच हात फिरवतात. मनाला लावून घेऊ नकोस, असा त्याचा अर्थ. त्यांची गाडी 2004 सालची, पेट्रोलची. कुठल्या कंपनीची ते विचारू नका. मामी विचारतात, आणि मग घरात दोन दिवस अबोला असतो.

शेंद्र्याच्या पुढे करमाड, शहरापासून वीसेक किलोमीटर. जालन्याच्या सळया घेऊन येणारे ट्रक समोरून अंगावर येत असतात, त्यांना चुकवत पोचलात की पोचलात. आम्ही पोचलो. मामांचे वर्गमित्र आबा यांच्या शेतात हुरडा होता. गूळभेंडीची कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून, गरमगरम दाणे ताटलीत. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. खाताना माणूस मोजत नाही आणि रात्री झोपताना पोट मोजून दाखवतं. मुक्काम शेतातच केला. जानेवारीतली मराठवाड्याची रात्र, पारा दहाच्या आसपास.

सकाळी मामांनी सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं, पण उचललं नाही. पुन्हा मारला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेपर्यंत गाडीभोवती आठ-दहा माणसं जमली होती. ती कुठून आली कुणास ठाऊक, त्याआधी शिवारात एक कुत्रं सोडून कुणी दिसत नव्हतं.

“कामून चालू व्हईना?” एकानं विचारलं आणि उत्तरही त्यानंच दिलं, “बॅटरी बसली.” बॅटरी बसली असती तर सेल्फ एवढा दणकून फिरला असता का? पण हे म्हणायचं कुणी? दुसऱ्याच्या मते पेट्रोलमध्ये कचरा. तिसऱ्याला उंदराचा संशय.

“चोक ओढा ना, काका,” एक म्हातारबा म्हणाले.

मामांनी उसासा सोडला. त्यांचं तारुण्य प्रीमियर पद्मिनीत गेलेलं. चोक किती ओढायचा आणि कधी ढकलायचा, ही विद्या त्यांनी वर्षानुवर्षं कमावली, आणि 2000 साली प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा कार्बोरेटरबरोबर ती पार वाया गेली. आता पेट्रोल इंजेक्टरमधून येतं आणि किती यायचं ते कंप्युटर ठरवतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ते त्याला माहीत असतं. चोकची दांडी नाही, मामांना काम नाही.

“रेस फुल दाबून मारा!” हा सल्ला ट्रॅक्टरवाल्याचा. मामांनी पाय खालपर्यंत दाबला. यातली गंमत अशी की, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत सेल्फ मारताना रेस पूर्ण दाबली की कंप्युटर समजतो, आत पेट्रोल फार झालंय, आणि तो येणारं पेट्रोलच तोडतो. म्हणजे उपाशी माणसानं तोंड उघडावं आणि वाढप्यानं ताट उचलून न्यावं. गाडीनं उरलीसुरली धुगधुगीही सोडली.

मग धक्क्याचा ठराव आला. माणसं बाह्या सरसावून तयार होती. तेवढ्यात मामी म्हणाल्या, “अहो, काल चहाला थांबलो होतो तिथे तर लगेच सुरू झाली होती.” सकाळपासून बोललेलं हे एकच कामाचं वाक्य होतं, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

करमाडहून मेकॅनिक आला. वीस-बावीसचा पोरगा, मोटारसायकलवर, कानटोपी घातलेला. त्यानं आधी धक्केवाल्यांना बाजूला केलं. “सेल्फ चांगला फिरायलाय, धक्क्यानं काय व्हणारंय? न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कन्व्हर्टरमधी जाईल, त्यो खर्च लई मोठा.” मग त्यानं मामांना नुसती चावी ऑन करायला लावली आणि स्वतः मागच्या सीटवर कान टेकवून आडवा झाला. जमाव गप्प. सीटखाली दोन सेकंद घूं झालं. पेट्रोलचा पंप. चावी बंद, ऑन, बंद, ऑन, मग सेल्फ. काही काही गाड्यांत पंपाचा व्हॉल्व्ह गळका असतो. रात्रभरात पाइपातला दाब उतरतो आणि असं दोन-तीनदा केलं की गाडी पटकन उचलते. आमची उचलली नाही. एक प्लग काढून पाहिला. इतका सेल्फ मारूनही कोरडा.

“गरम असली की लगेच चालू होती का?” त्यानं विचारलं. मामामामी दोघांना. आता मामींना कंठ फुटला. “लगेच! आणि हा पुढचा पंखा, घरातून निघून चौक येत नाही तोवर फिरायला लागतो. मी म्हणते, थंडीत पंखा कशाला? तर म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतं!”

पोरानं मामांकडे पाहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा. बॉनेट उघडून त्यानं इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर काढला आणि मल्टिमीटर लावला. हा सेन्सर जितका गार तितका त्याचा रोध जास्त. साधारण वीस अंशांना दोन-तीन हजार ओहम, ऐंशी अंशांना तीनशेच्या घरात. दवानं ओल्या झालेल्या त्या इंजिनावर मीटर साडेतीनशे दाखवत होतं.

म्हणजे आम्ही शाली पांघरून कुडकुडत होतो आणि गाडीची ठाम समजूत होती की तिला पंचाहत्तर अंशांचा ताप आहे. एवढ्या गरम इंजिनाला जास्तीचं पेट्रोल कशाला, असा हिशेब करून कंप्युटर हात आखडता घेत होता. सेन्सर तुटला असता तर दिवा लागून बोंब झाली असती. हा पटण्याजोगं खोटं बोलत होता, म्हणून पकडला गेला नव्हता.

“आता मारा,” कनेक्टर तसाच लोंबकळत ठेवून तो म्हणाला. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, पंखा भन्नाट फिरायला लागला. सेन्सरच सापडत नाही म्हटल्यावर कंप्युटरनं स्वतःच्या अंदाजानं पेट्रोल दिलं होतं. जमावानं टाळ्या वाजवल्या. बॅटरीवाला म्हणाला, “मी म्हणलंच हुतं, करंटचा प्रॉब्लेम हाय.”

नवा सेन्सर शहरात बसवला. पंपाच्या मानानं चिल्लर खर्च. बॅटरी, प्लग, पंप यांच्यावर पैसे घालण्याआधी सकाळी गार गाडीत तुम्हीही हा सेन्सर तपासून घ्या. मामा मात्र अजून सांगतात की चोक असता तर ही वेळ आली नसती.

हुरड्याला करमाडला जरूर जा, संक्रांतीच्या आगेमागे. तिथे रेल्वे स्टेशनही आहे, निजाम सरकारच्या काळात टाकलेल्या मनमाड-काचिगुडा मार्गावर. मामींनी पॅसेंजरची वेळ विचारून ठेवली आहे.