बाळकुम ते मुरबाड, व्हाया सल्ले

बाळकुमच्या शेतावर टॉवर उभा राहणार म्हटल्यावर मामांनी दाखवाल तिथे सह्या केल्या, पण ट्रॅक्टर द्यायला साफ नकार दिला. तो मुरबाडला मावसभावाच्या खाचरात चिखलणीला न्यायचं ठरलं. टेम्पोत चढवून नेऊ म्हटलं, तर मामा म्हणाले, "त्याला स्वतःची चाकं आहेत." मग मीही मुकाट्याने मडगार्डवर बसलो.

कळव्याच्या पुलावर तो पहिल्यांदा बंद पडला. आधी आवाज वरखाली झाला, मग दोन गचके, आणि मागे हॉर्नचा गजर. मामांचं मन वळवावं म्हणून मी सांगितलं, की 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन-तीन इंजिनं होती, तरी तिथून कल्याण गाठायला रेल्वेला 1854 उजाडलं. मामांनी माझ्याकडे पाना मागितला.

एवढ्यात एक रिक्षावाला उतरला. "डिझेल हाय ना?" मामांच्या वर्मी घाव बसला. त्यांनी टाकीचं झाकण काढून काडी बुडवली आणि ओली काडी त्याच्या नाकासमोर धरली. "मग फिल्टर चोक!" फिल्टर पुसला, ट्रॅक्टर सुरू झाला. रिक्षावाला विजयी मुद्रेने गेला.

मुंब्रा बायपासला, वर मुंब्रादेवीचा डोंगर आणि मागे कंटेनरची रांग, अशा मोक्याच्या जागी पुन्हा तेच. ट्रेलरचा ड्रायव्हर खाली आला, त्यानेही आधी डिझेल बघायला मागितलं, मग म्हणाला, "एअर घेतलीय." हे मात्र मामांच्या आवडीचं काम. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेसातून बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय डिझेलची सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. मामांची बोटं डिझेलने माखली आणि चेहरा उजळला. ट्रॅक्टर सुरू!

शिळफाट्यावर भेटलेल्या स्कूटरवाल्याने तर कहरच केला. आधी टाकीत डोकावला आणि म्हणाला, "प्लग घासा." डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापली की डिझेल आपसूक पेटतं, हे मामांनी त्याला तावातावाने समजावलं. तो म्हणाला, "तरी घासून बघा." रागाच्या भरात मामांनी स्टार्टर मारला आणि ट्रॅक्टर धडधडला. नसलेला प्लग न घासताच! मामा काटई नाक्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मानपाड्याला डोंबिवलीकर गाठ पडले. ज्या गावाने 2017 साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवलं, तिथला सल्ला शुद्ध असणारच. "इंधनपुरवठा खंडित होतोय," एक निवृत्त गृहस्थ म्हणाले. टाकी तपासून त्यांनी हात झटकले. ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा स्वतः त्यांनाच धक्का बसला.

शेवटचा मान पत्रीपुलाचा. जुना पूल 2018 ला पाडला, नवा 2021 ला खुला झाला. एवढी वर्षं वाट पाहिलेल्या कल्याणकरांना आमच्यासाठी मात्र एक मिनिट सोसेना. भाताचं गोणपाट खांद्यावर टाकलेले एक आगरी आजोबा गर्दीतून पुढे आले. "काय रं, बंद परला? झाकान उघर बगू." मामांनी सवयीने झाकण फिरवलं. आजोबांनी कान लावला होता. *फुस्स!*

"मंग परल नाय तं काय!" म्हणत त्यांनी झाकणाच्या आतून घडी घातलेली दुधाची पिशवी ओढून काढली. झाकणाला हवेसाठी भोक असतं, पिशवीने ते बुजलेलं. डिझेल खाली जायचं, वरून हवा येईना, टाकीत पोकळी धरली की इंजिन उपाशी. कोणीही झाकण उघडलं की हवा आत, आणि त्याचाच इलाज बरोबर!

मामांनी तिथूनच मामीला फोन लावला. पलीकडून मला ऐकू आलं ते एवढंच: "टाकीत पावसाचं पाणी जायला नको, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

शहाडचा पूल, म्हारळ, कांबा, सगळं एका दमात पार पडलं. रायत्याला मामांनी मुद्दाम चहासाठी ट्रॅक्टर बंद केला, तर टपरीवरचा एक पोरगा लगबगीने आला. "बंद पडला का काका? नोझल गेलेत बहुतेक. डिझेल आहे ना?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि झाकण उघडून काडी बुडवली.