प्रेशर डाऊन

चाकणला मशीन बंद पडली की दहा मिनिटांत बोर्डावर कारणं मांडायला माशाचा सांगाडा उभा राहतो आणि 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारला जातो. प्रेसचं प्रेशर का उतरलं? तेल कमी. तेल का कमी? सील गळतंय. असं करत करत शेवटी एक फिल्टर सापडतो, ज्याचं वर्षभर कुणी तोंड पाहिलेलं नसतं.

आमचे एक मित्र या विद्येत इतके तरबेज, की कायझेनची दोन सर्टिफिकेटं घरात देव्हाऱ्याशेजारी लावलीत. परवा निगडीत फर्स्ट शिफ्टच्या बसची वाट बघताना त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच घरचा ब्रेकडाऊन सांगितला. सहा महिन्यांचा.

"मग कारण काय काढलंत?"

"नजर लागली असणार."

चार 'का' वाचले!

म्हटलं, अहो, हेही हायड्रॉलिकच. मेंदूनं सिग्नल द्यायचा, नसांनी नायट्रिक ऑक्साइड सोडायचं, रक्तवाहिन्या सैल होऊन रक्त भरायचं आणि परतीची वाट दाबून धरायची. इथला पाइप जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, हृदयाचा तीन-चारचा. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांनी गाळ धरला की बारीक पाइप आधी चोंदतो. हृदयाची पाळी पुष्कळदा दोन-पाच वर्षांनी येते. दिवा इथं लागतो, आग तिथं असते.

ते गप्प. खिशातली पुडी आणखी आत गेली. मग एकेक काटा निघाला. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, झोप नाही. बीपीची गोळी चालू आहे. काही गोळ्यांनीही असं होतं, पण गोळी परस्पर बंद करायची नसते, डॉक्टर बदलून देतात. वर फ्लॅटचा हप्ता. मनाचंही कारण असू शकतं, तसं असेल तर पहाटे सहसा अडत नाही, म्हणून विचारलं, "पहाटे सगळं ठीक असतं का?"

"पहाटे मी बसमध्ये असतो."

यांचा उपाय मात्र ठरलेला : हायवेकडेचा तंबू, आत बरण्या, बाहेर 'खानदानी' पाटी. अशा इलाजाच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. भिंतीवरचा रंग अजून ओला असतो. त्याआधी 1934 साली 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला भरला. वकील डॉ. आंबेडकर, तरी हरले. उत्तर देणारा कोर्टात, चूर्ण देणारा तंबूत.

कँटीनमध्ये कुणीतरी निळी गोळीही देऊ केली होती म्हणे. मूळ संशोधन छातीदुखीवर चाललं होतं, 1998 साली ती भलत्याच कामासाठी बाजारात आली. हृदयाची नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं ती गिळली तर बीपी असं कोसळतं, की माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

"शुगर कधी तपासली?"

"कंपनीत कॅम्प लागतो ना दरवर्षी."

"मग?"

"नेमकं त्या दिवशी ऑडिट असतं."

बस आली. चढता चढता ते वळून म्हणाले, "हे सांगाड्यावर काढू नका हं. आमची ही पण क्वालिटीलाच आहे."