हिंजवडीपासून दहा मिनिटं

लातूरहून अक्काचा फोन आला. ‘तुझ्या भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली. तू तीस वर्षं पुण्यात आहेस, तेवढं घर बघून दे.’ मी कोथरूडला राहतो. कोथरूडच्या माणसाच्या नकाशात चांदणी चौकानंतर एकदम मुंबई येते. पण मामाला लग्नात मागे उभं राहण्याचा जो मान मिळतो, त्याचे हप्ते असे आधीपासूनच फेडावे लागतात.

शोध सुरू केला तेव्हा कळलं की त्या भागात किलोमीटर हे माप केव्हाच रद्द झालं आहे. घर वाकडला असो, बाणेरला असो, पुनावळ्याला नाहीतर रावेतला असो, ते हिंजवडीपासून दहा मिनिटांवरच असतं. मारुंजीतल्या एका फ्लॅटच्या जाहिरातीत सात मिनिटं लिहिली होती. बहुधा पाडव्याची सवलत असावी. मी ब्रोकरला विचारलं, ‘दहा मिनिटं म्हणजे नक्की कधी?’

‘सकाळी, सर.’

‘सकाळी किती वाजता?’

तो प्रामाणिक होता. जरा आठवून म्हणाला, ‘साडेपाचपर्यंत काही प्रॉब्लेम नाही.’

भाच्याचं ऑफिस नऊचं. म्हणजे साडेपाचला निघून पावणेसहाला पोचायचं आणि उरलेले सव्वातीन तास करिअर घडवायचं. नऊच्या हिशेबाने निघालं तर भूमकर चौकात नाश्ता, शिवाजी चौकात पहिली मीटिंग, आणि ऑफिसात पोचेपर्यंत डबा खायची वेळ. कंपन्या पोरांना एकाच वेळी अनेक कामं करायचं प्रशिक्षण देतात म्हणे. कशाला खर्च करतात?

कारभाराचीही मौज आहे. बालेवाडीत घर घेतलं तर पोरगा पुणे महापालिकेत झोपेतून उठणार, मुळा ओलांडून वाकडला पिंपरी-चिंचवड महापालिकेत सिग्नलला थांबणार आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या गावात जाऊन अमेरिकेचं काम करणार. आयटी पार्कात एमआयडीसी, भोवताली पीएमआरडीए. इतक्या मंडळींची नजर असूनही जो खड्डा पावसाळाभर टिकून राहतो, त्याच्या जिद्दीला मी मनापासून नमस्कार करतो.

‘मेट्रो झाली की सगळं सुटणार,’ असं प्रत्येक ब्रोकरने सांगितलं. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटर आणि २३ स्थानकांच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते झाली. भाचा तेव्हा लातूर पॅटर्नमध्ये बारावीचा रट्टा मारत होता. पुढे त्याची बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, पहिली नोकरी लागून सोडूनही झाली. मेट्रो मात्र भाड्यात सगळ्यात आधी धावली. एका मालकाने भाडं दोन हजारांनी वाढवून सांगितलं आणि कारण दिलं, ‘बाल्कनीतून मेट्रोचा खांब दिसतो.’

पण भाच्याचं लक्ष खांबाकडे नव्हतंच. तो प्रत्येक घरात शिरला की हॉल बघायचा नाही, किचन बघायचा नाही. एकच विचारायचा, ‘पाणी कुठलं हाय?’

‘स्विमिंग पूल आहे ना, सर. क्लब हाऊसला लागून.’

‘हां, पण पुलात पाणी कुठलं?’

ब्रोकर माझ्याकडे बघायचे. मी छताकडे बघायचो. त्यांना कसं सांगणार की हा प्रश्न विचारायचा अधिकार या पोराने कमावलेला आहे? २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. माणसं दंगल करतील म्हणून नव्हे, तर घागरी घेऊन येतील म्हणून. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. भाचा तेव्हा नववीत होता. बाकीच्या गावांतली पोरं मामाच्या गावाला जाणाऱ्या गाडीची वाट बघतात, त्याने पाण्याच्या गाडीची बघितली. बाकी काही शिकला नसेल तो त्या उन्हाळ्यात, पण पाण्याचा खोटेपणा त्याला लांबून ओळखू येतो.

इथे तर ओळखायलाही फारसं नको. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. धरण भरलं की लोक पवनेला जाऊन बघून येतात, सेल्फी काढतात, आणि दुसऱ्या दिवशी नळ दिवसाआडच असतो. नव्या भागांत त्याहून सुंदर व्यवस्था आहे. बांधकामाची परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र लिहून देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. मग तो इमारत बांधतो, सोसायटी स्थापन करतो, चाव्या देतो, पेढे देतो आणि पुढच्या प्रकल्पाचं हमीपत्र लिहायला निघून जातो. हमीपत्र तेवढं फाइलमध्ये मागे राहतं. कोरडं असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतं.

भाच्याने तपासाची स्वतःची पद्धत काढली. ब्रोकरला चहाला लावायचा आणि आपण गेटबाहेर रस्त्यावर उभं राहायचं. ‘मामा, टँकर गळतोच,’ त्याने मला शिकवलं. ‘रस्त्यावरची ओल बघा. गेटातून आत वळली असली, की समजायचं बोअर आटलंय.’ तीस वर्षं मी या शहरात राहतोय, रस्ता वाचता येतो हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही अकरा सोसायट्यांसमोर उभे राहिलो. नऊ ठिकाणी ओल आत वळली होती. दहाव्या ठिकाणी रस्ताच नव्हता. अकराव्या ठिकाणी ओल गेटपर्यंत येऊन थांबली होती. वॉचमन म्हणाला, ‘टँकरवाल्याचे पैसे थकलेत.’

शेवटी वाकडचा एक फ्लॅट जमला. तिथे रोज दोनच टँकर येतात, आणि ते वॉचमनने न विचारता सांगितलं. ‘हा माणूस खरं बोलतो, घर घेऊ या,’ भाचा म्हणाला.

मालक कॅलिफोर्नियात. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. कंपनीने तीन फेऱ्या घेतल्या होत्या, यांनी चार. नॉनव्हेज खातो का, मित्र येतात का, मैत्रिणी येतात का, आणि फॅमिली आहे का. भाचा म्हणाला, ‘फॅमिली लातूरला आहे.’ ती चालेना. फॅमिली फ्लॅटमध्ये हवी. मग मला पुढे सरकवण्यात आलं. अठ्ठावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, मधुमेही गृहस्थ बघून मालकांचा जीव भांड्यात पडला. आता करारात ‘फॅमिली’ म्हणून मी आहे. राहत नाही, फक्त आहे.

करार अकरा महिन्यांचा. अकराच का, तर बारा झाले की नोंदणी लागते अशी समजूत. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे कलम मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. नोंदणीचा खर्च तुम्ही करताय ना?’ आम्ही केला. समर्थांच्या मारुतींनंतर महाराष्ट्रात अकरा या आकड्यावर इतकी श्रद्धा कुठेच उरलेली नाही.

पंधरा दिवसांनी अक्का लेकाचं घर बघायला आली. सोबत लोणच्याची बरणी, ज्वारीचं पीठ आणि एक निळं टिपाड. तेच, २०१६ चं, दोनशे लिटरचं. गेटवर वॉचमनने ॲपमध्ये नोंद केली: पाहुणे एक, टिपाड एक. अक्काने ते बाल्कनीत ठेवलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर टिपाडाचा फोटो फिरला. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांची लेखी नोटीस आली, की सदर वस्तूमुळे इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा जाते आणि फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होतो, तरी चोवीस तासांत हलवावी. अक्काने नोटीस दोनदा वाचली, घडी घालून टिपाडाखाली डगमगू नये म्हणून सरकवली, आणि वर झाकण लावलं.

त्या आठवड्यात टँकरवाल्यांचा संप झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात चेअरमनसाहेब. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात बादली.

‘पोराला नऊला हापिस हाय,’ अक्का म्हणाली. ‘दहा मिनिटं थांबा.’