मार्गदर्शन कुणाला?

डिसेंबर उजाडला की वसईतल्या धर्मग्रामांत तरुणांचा भाव वधारतो. नाताळगोठा उभारायचा, घरोघर कॅरोल गायचे, खुर्च्या वाहायच्या. अकरा महिने ‘पिढी वाया गेली’ म्हणणारे काकाच मग विचारतात, ‘पोरं कुठे गेली?’

याच पोरांच्या पालकांसाठी चर्चमध्ये मार्गदर्शनाचं सत्र असतं ते मोबाइलच्या व्यसनावर. निमंत्रण अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालीच ‘आमोरिस लेतित्सिया’ या कुटुंबविषयक उपदेशपत्रात बजावलं की मुलांवर सतत पाळत ठेवणं म्हणजे संस्कार नव्हे. हे फादर सांगत असताना पहिल्या रांगेतल्या मातोश्री लेकीचं लाइव्ह लोकेशन तपासत असतात. (लेक मागेच चहाचे कप मांडतेय.)

हल्ली दाखला एकच, कार्लो अकुतिस. इटलीत वाढलेला, संगणकवेडा, १५व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि २०२५ मध्ये संत झाला. आठवड्याला एकच तास प्लेस्टेशन, हा त्याचा नियम पालकांना तोंडपाठ. तो रोज मिस्सेला जायचा, हेही. फक्त त्याची आई चर्चची पायरी क्वचितच चढायची आणि तिला त्या वाटेला लावलं ते या पोरानंच, एवढा भाग सांगायला सत्रात वेळ उरत नाही.